‘हे’ ते नव्हेत

माझ्या मावशीने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. लग्नातला उखाणा सोडला तर काका तिच्या तोंडी कायम ‘हे’च होते. ‘हे आले’, ‘यांना विचारते’, ‘यांचं जेवण व्हायचंय’. त्यामुळे एका उन्हाळ्यात तिने माझ्या आईला स्वयंपाकघराच्या दारामागे ओढलं आणि ती कुजबुजली, ‘ताई, हे घरात आहेत ना, ते हे नव्हेत,’ तेव्हा आईला त्या वाक्याचा अर्थच लागेना. मावशीला तो स्वच्छ लागला होता. चेहरा तोच, सदरा तोच, कानामागचा तीळसुद्धा तोच. पण माणूस दुसरा. खऱ्या ‘यांना’ कुठेतरी डांबून ठेवलंय आणि त्यांच्या जागी हा कुणीतरी आणून बसवलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढायचं कारण एक व्याख्यान. वक्त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि अशी व्याख्यानं हल्ली इतकी होतात की एकट्या त्यांच्या पदरात माप घालणं अन्यायाचं होईल. विषय होता मनाचे आजार आणि गोळ्या. ‘आपलंच माणूस तोतया वाटणं’ हे त्यांचं लाडकं उदाहरण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा भ्रम म्हणजे जखमेची भाषा, ती ऐकून घ्यायची असते. मेंदूचे शास्त्रज्ञच सांगतात की इथे मेंदूतली एक तार तुटलेली असते, मग गोळी ती तार जोडणार कशी? गोळी फक्त माणसाचा दगड करते. तेव्हा माया द्या, वेळ द्या. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा त्यांना आई म्हणेनासा झाला होता, ‘तुम्ही कोण?’ असं विचारायचा. औषधं सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा आई म्हणू लागला. पण आता तो जाड झालाय, दुपारभर लोळतो. त्यांनी विचारलं, ‘मग गोळ्या थांबवू का?’ वक्ते हसून म्हणाले, ‘तुमचं मन काय सांगतं?’

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे.

तोतया हा शब्द आपल्याला इतिहासाने दिला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्याने पेशवाईला घाम फोडला. तिथे खोट्याला खरं मानणारे पुष्कळ निघाले, कारण भाऊ परत यावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. या आजारात सगळं उफराटं. खरा माणूस समोर उभा असतो आणि त्यालाच तोतया ठरवलं जातं. फ्रेंचांकडे याच अर्थाचा शब्द नाटकातून आला, ‘सोझी’. देव एका नोकराचं रूप घेऊन त्याच्याच दारात उभा राहतो, त्या नोकराचं हे नाव. नल-दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाच्या रूपात बसतात, त्याच जातीची ही कथा. १९२३ मध्ये जोझेफ कॅपग्रा आणि ज्याँ रेबूल-लाशो या पॅरिसच्या डॉक्टरांनी एका बाईंची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी हाच शब्द वापरला: सोझींचा भ्रम. पुढे आजाराला कॅपग्राचं नाव चिकटलं.

त्या बाईंना वैद्यकाच्या इतिहासात मादाम एम् म्हणतात. त्यांची बहुतेक मुलं लहानपणीच दगावली होती, एक मुलगी तेवढी हाती राहिली. पुढे त्यांना वाटू लागलं की मुलं मेली नाहीत, पळवली गेली. हाती राहिलेली मुलगीही बदललेली आहे, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बदललेली आहे. नवरा तर कधीच बदलला. १९१८ मध्ये त्या पोलिसांकडे गेल्या आणि म्हणाल्या, पॅरिसच्या तळघरांत मुलं कोंडलेली आहेत, चला, सोडवू या. तिथून त्यांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली.

आता सांगा, या भ्रमात अर्थ नाही असं कोण म्हणेल? जिची लेकरं गेली ती आई म्हणते, ती गेली नाहीत, तळघरात आहेत. यात अर्थ शोधायला फ्रॉइड लागत नाही. तरी तो आणला गेलाच. १९२४ मध्ये खुद्द कॅपग्रानेच एका सहकाऱ्याबरोबर या भ्रमाची उकल ईडिपस गंडाच्या चौकटीत करून पाहिली. पुढची कित्येक दशकं हेच चाललं. जवळच्या माणसाबद्दल प्रेमही आहे आणि रागही आहे, राग सोसवत नाही, म्हणून मन त्या माणसाचे दोन करतं: चांगला तो खरा, वाईट तो तोतया. सुबक मांडणी. वाचताना मान डोलते. फक्त तिच्यामुळे कुणाचा नवरा परत आला नाही. मेंदूला मार लागलेल्या, झटका येऊन गेलेल्या माणसांतही नेमका हाच भ्रम दिसू लागला, तेव्हा तर ती पार लंगडी पडली. अपघातात डोकं आपटल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बापाबद्दलचा दडपलेला राग उफाळून येतो, असं मानायला बरंच औदार्य लागेल.

माझ्या मावशीच्या भ्रमातही अर्थ होता. काका गिरणीतून बेकार होऊन मुंबईहून गावी परतले ते खरोखरच बदललेले होते. अबोल, चिडके, कुणाच्या नजरेला नजर न देणारे. ‘हे ते राहिले नाहीत’ हे वाक्य त्या काळात लालबाग-परळच्या शेकडो बायका म्हणाल्या असतील. पण त्यांनी उशाखाली कोयता ठेवला नाही. मावशीने ठेवला. ‘हे बदलले’ आणि ‘हे बदलून आणले’ या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजेच आजार. वक्ते पहिल्या वाक्यावर बोलतात आणि दुसऱ्यावर टाळ्या घेतात. ताप आलेला मुलगा बापाला शिव्या देत असेल तर शिव्यांमागे घरातलं भांडण असू शकतं. म्हणून कुणी क्रोसिन बाजूला ठेवून आधी भांडणाची वाटाघाट करत नाही.

‘माया द्या’ हे ऐकायला तर फारच गोड. या आजाराचं क्रौर्य असं की तो मायेच्याच वाटेवर काटे टाकतो. पोस्टमन तोतया वाटत नाही, किराणा दुकानदार वाटत नाही. तोतया ठरतो तो नवरा, आई, लेक. जितका जवळचा, तितका संशयित. आणि तुम्ही जितक्या प्रेमाने वागाल तितके तुम्ही कसलेले नट ठरता. काकांनी मावशीला लग्नाच्या दिवशीची एक खासगी आठवण सांगितली, ती दोघांशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मावशी रात्रभर रडली. सकाळी आईला म्हणाली, ‘बघ, यांना मारहाण करून हेसुद्धा काढून घेतलंय त्यांच्याकडून.’

मायेचा प्रयोग जगात झालेलाच नाही असं नाही. सॅन डिएगोचे मेंदूवैज्ञानिक विलयनूर रामचंद्रन यांनी एका तरुणाची हकिकत सांगितली आहे. मोटार अपघातानंतर तो बेशुद्धीतून बाहेर आला आणि आईबाप तोतये आहेत असं म्हणू लागला. बापाने एक दिवस युक्ती केली. खोलीत येऊन म्हणाला, इतके दिवस तुझ्याजवळ राहत होता तो खरंच तोतया होता, त्याला मी घालवून दिलं, आता मी आलोय, तुझा खरा बाप. युक्ती चालली. सुमारे आठवडाभर. मग गाडी मूळ रुळावर. बापाच्या मायेत काही कमी नव्हतं, अकलेतही नव्हतं. भ्रम या दोन्हींपेक्षा चिवट होता, इतकंच.

याच तरुणामुळे ‘तुटलेली तार’ लोकप्रिय झाली, तेव्हा त्या तारेकडे नीट पाहायला हवं. आपण ओळखीचा चेहरा पाहतो तेव्हा दोन गोष्टी होतात. हा अमका, हे कळतं. आणि आत काहीतरी हलतं. ते हलणं मोजता येतं, कारण तळहाताला अतिशय बारीक घाम सुटतो आणि त्वचेतून वीज वाहण्याचं प्रमाण बदलतं. १९९० मध्ये हॅडन एलिस आणि अँड्र्यू यंग यांनी तर्क मांडला की कॅपग्राच्या रुग्णात कळण्याची वाट शाबूत असते, हलण्याची तुटलेली असते. आई दिसते, पण आई भेटल्यासारखं वाटत नाही. मग मेंदू हिशोब जुळवतो: ही आई नव्हेच. १९९७ मध्ये एलिस आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर आणि रामचंद्रन-हर्स्टाइन यांनी त्या तरुणावर मोजमाप केलं. दोन्हीकडे ओळखीच्या चेहऱ्यांना त्वचेचा प्रतिसाद क्षीण निघाला. आणि तोच तरुण फोनवर मात्र बापाला लगेच ओळखायचा. कानाची वाट धड होती, डोळ्याची नव्हती.

वक्ते इथे थांबतात. शास्त्र इथे थांबलं नाही. १९९५ मध्येच ट्रॅनेल आणि दामासिओ दांपत्याने कपाळामागच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झालेले रुग्ण तपासले होते. त्यांच्यातही ओळखीच्या चेहऱ्याला त्वचेचा प्रतिसाद उमटत नव्हता. म्हणजे तार तुटलेली. पण त्यांना कुणी तोतया वाटत नव्हतं! बायको पाहून आत काही हललं नाही, तरी ती बायकोच आहे हे त्यांना मान्य होतं. याचा सरळ अर्थ असा की तार तुटणं पुरेसं नाही. आणखी काहीतरी बिघडावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्स कोल्टहार्ट आणि सहकाऱ्यांनी याला दुसरा घटक म्हटलं. विचित्र वाटण्यातून एक विचित्र कल्पना सुचते, इथवर ठीक. ती डोक्यात आली की ‘छे, असं कसं असेल’ म्हणून तिला हाकलणारा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक राखणदार असतो. भ्रमात तो राखणदार झोपलेला असतो, आणि कल्पना घराची मालकीण होते.

गोळीचं काम या दुसऱ्या टप्प्यावर आहे. ती तार जोडते असा दावा कोणत्याही शहाण्या डॉक्टरने केलेला मला माहीत नाही. या सगळ्या औषधांचं मुख्य काम डोपामाइन नावाच्या रसायनाचा जोर कमी करणं. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेली उपपत्ती मला सर्वांत पटते. डोपामाइन मेंदूला सांगतं, ‘हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ.’ ते बेताल सुटलं की कशालाही महत्त्व चिकटतं. नवऱ्याने चष्मा डाव्या हाताने काढला, यालाही. भ्रम म्हणजे या फुकटच्या महत्त्वाचा लावलेला अर्थ. औषध तो अर्थ पुसत नाही, त्याला मिळणारं इंधन कमी करतं. म्हणून बरेच रुग्ण बरं होताना ‘मी चुकलो होतो’ असं म्हणत नाहीत. ‘तो विचार आता तितका छळत नाही,’ असं म्हणतात. मावशीला औषध सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाले असतील. आईने भीतभीत विचारलं, ‘काय गं, हे हेच आहेत ना?’ मावशी गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘असतील. मी आता त्यात पडत नाही.’ कोयता परत गोठ्यात गेला होता. ज्याला हा फरक क्षुल्लक वाटतो त्याने त्या घरात एक रात्र काढून दाखवावी.

‘या आजारावर गोळी चालते याचा पुरावा काय?’ हा प्रश्न रास्त आहे. एकट्या कॅपग्रा भ्रमावर औषधाची मोठी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झालेली नाही. आजार दुर्मीळ, आणि तो एकटा क्वचित येतो. पुरावा आहे तो एकेका रुग्णाच्या नोंदींचा, आणि ज्या आजाराच्या पोटात हा भ्रम सर्वाधिक आढळत आलाय त्या स्किझोफ्रेनियाचा. तिथे मात्र आकडे भरपूर आहेत. २०१२ मध्ये श्टेफान लॉइख्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्या एकत्र केल्या, रुग्ण जवळपास साडेसहा हजार. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात आजार उलटला तो २७ टक्क्यांत, खोटी गोळी मिळालेल्यांत ६४ टक्क्यांत. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर १९८८ मध्ये जॉन केन यांनी क्लोझापीन वापरून पाहिलं. सहा आठवड्यांत ३० टक्के सुधारले, तुलनेच्या गटात ४ टक्के. आणि ‘गोळ्यांनी माणूस लवकर मरतो’ म्हणणाऱ्यांसाठी: फिनलंडमध्ये ६६ हजारांहून अधिक रुग्णांचा ११ वर्षांचा मागोवा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांत मृत्यू कमी होते, आणि सर्वांत कमी क्लोझापीनवाल्यांत. हा मागोवा म्हणजे चाचणी नव्हे, हे मान्य. पण आरोप सिद्ध करायची जबाबदारी आता आरोप करणाऱ्यावर येते.

दगडाबद्दल. माणसाचा दगड होतो हे मी पाहिलंय, तेव्हा ते मी नाकारणार नाही. पहिल्या औषधाने मावशीचे हात कडक झाले, बोटं थरथरू लागली. तिला भाकरी थापता येईना. जिच्या भाकरीला अख्खी भावकी नावाजायची तिची भाकरी परातीतच फाटायची, आणि ती त्या पिठाकडे बघत बसायची. वजन वाढतं, साखर वाढते, जीभ जड होते, पाळी चुकते, पायांना अशी अस्वस्थता येते की माणूस एका जागी उभा राहू शकत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या तोंडाच्या नकळत हालचाली सुरू होतात, त्या औषध थांबवूनही जातीलच असं नाही. क्लोझापीन घेताना तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्याच लागतात. हे कमी लेखणारा डॉक्टर आळशी आहे. पण यावर उपाय मावशीच्या डॉक्टरांनी केला तो: मात्रा उतरवली, महिन्याने औषध बदललं. भाकरी परत आली, पहिल्यासारखी नाही, पण आली. गोळी त्रास देते तर गोळी बदला, कमी करा, भांडा डॉक्टरशी. ‘गोळीच नको’ हा निष्कर्ष यातून निघतो कुठे? बूट चावतो म्हणून कुणी पाय कापत नाही.

आता त्या आकड्याकडे वळतो जो अशा प्रत्येक व्याख्यानात येतो. ‘अमेरिकेच्या सरकारनेच या औषधांवर मृत्यूचा काळा चौकोनी इशारा छापलाय!’ छापलाय, २००५ मध्ये. १७ चाचण्या, साधारण दहा आठवडे, औषध घेणाऱ्यांत मृत्यू ४.५ टक्के, खोट्या गोळीवर २.६ टक्के. २००८ मध्ये जुनी औषधंही त्याच इशाऱ्याखाली आली. सगळं खरं. वक्ते गाळतात ती एक ओळ: या चाचण्या डिमेन्शिया झालेल्या वृद्धांवरच्या होत्या. सत्तरी-ऐंशीतल्या, आठवण गेलेल्या माणसांचा आकडा उचलून बाविशीतल्या मुलाच्या आईच्या तोंडावर फेकायचा, याला मी अज्ञान म्हणत होतो. तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणत नाही.

गंमत अशी की हा इशारा जिथे खरंच लागू आहे तिथे आपल्याकडे कुणी तो उच्चारत नाही. आजी संध्याकाळी मुलाला म्हणते, ‘तू कोण रे? माझा बाळ्या कुठाय?’ आणि कुणीतरी चिठ्ठीवर हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं जुनं औषध खरडतो. कॅपग्राच्या ४७ रुग्णांचा मेयो क्लिनिकमधला अभ्यास २००७ मध्ये आला. त्यातल्या ३८ जणांना मेंदू हळूहळू झिजवणारे आजार होते, आणि त्यांत अग्रभागी होता लेवी बॉडी डिमेन्शिया. हे नाव प्रत्येक घरात माहीत असायला हवं. यात लक्ष आणि भान चढउतार करतं, समोर नसलेली माणसं-लहान मुलं-जनावरं दिसतात, चाल पार्किन्सनसारखी होते, झोपेत माणूस हातपाय झाडतो. आणि यातल्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध पडलं तर तो लाकडासारखा आखडू शकतो, गुंगीत जाऊ शकतो, दगावूही शकतो. इंग्लंडमध्ये इयन मॅकीथ यांनी १९९२ मध्येच हे दाखवून दिलं. तिथे आधी पाहायचं ते दुसरंच. लघवीत जंतुसंसर्ग आहे का? थायरॉइड, बी-१२ कसं आहे? डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय का, खोलीत उजेड आहे का? कुठलं नवं औषध सुरू झालंय का? मग रिव्हास्टिग्मीनसारखं औषध. आणि भ्रमाने कुणाच्या जिवाला धोका नसेल तर कित्येकदा काहीच नाही. दारातून आत येण्याआधी बाहेरूनच हाक मारायची, ‘आई, मी आलोय गं,’ कारण त्या तरुणासारखी काहींची कानाची वाट शाबूत असते. भ्रमावरचं औषध लागलंच तर सर्वांत सौम्य, थेंबाथेंबाने, ठरावीक मुदतीसाठी.

म्हणजे मी गोळीच्या बाजूने आहे की विरुद्ध? मी निदानाच्या बाजूने आहे. तोतया दिसणं हे लक्षण आहे, खोकल्यासारखं. खोकला क्षयाचा की दम्याचा हे न बघता औषध देणारा जितका दोषी, तितकाच ‘खोकला ही छातीची भाषा आहे’ म्हणून औषध काढून घेणारा. फरक एवढाच की पहिल्यावर तक्रार करता येते, दुसऱ्याला शाल-श्रीफळ मिळतं.

एक गोष्ट मात्र वक्त्यांनी बोलायला हवी होती आणि ते बोलले नाहीत. ती म्हणजे चहातली गोळी. आपल्या घराघरांत हे चालतं. रुग्ण औषध घेत नाही, मग कुटून भाजीत, थेंब चहात. काकांनाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता, बिनवासाचे थेंब, कळणार नाही म्हणून. सल्ला देणाऱ्याने क्षणभर मावशीच्या जागी बसून पाहिलं नाही. घरात नवऱ्याचं सोंग घेतलेला परका पुरुष आहे, आणि तो चोरून आपल्या चहात काहीतरी टाकताना दिसतो. जगातल्या कुठल्याही न्यायालयात हा पुरावा टिकेल! इतर भ्रमांत लपवून औषध देणं वाईट, या भ्रमात ते आत्मघाताचं आहे. तुम्ही तोतयेगिरी सिद्ध करून देता. त्यानंतर चार महिने मावशी स्वतः शेंदलेल्या पाण्याशिवाय आणि स्वतः रांधलेल्या अन्नाशिवाय कशालाही शिवली नाही. औषध पुन्हा सुरू झालं ते माझ्या आईच्या हातून, उघड, गोळी दाखवून: ‘झोप लागेल, जिवाची धडधड थांबेल. तोतयाचं आपण नंतर बघू.’ ती झोपेसाठी गोळी घ्यायला तयार झाली. तिच्या लेखी आई तोतया नव्हती, हे आमचं नशीब. जो तोतया ठरलेला नाही त्याच्या हातून, खरं सांगून, रुग्णाला स्वतःला छळणाऱ्या गोष्टीसाठी औषध द्यायचं. रोज गोळी गिळणं जमत नसेल तर रुग्णाशी बोलून पंधरवड्याचं किंवा महिन्याचं इंजेक्शन. माया लागते ती इथे. गोळीच्या बदल्यात नव्हे, गोळी हातावर ठेवण्यासाठी.

‘ही पाश्चात्त्यांची औषधं’ या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उपयोग उन्मादावर आणि रक्तदाबावर होतो हे १९३१ मध्ये लिहून ठेवलंय. त्यातूनच निघालेलं रेसर्पीन १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचलं, क्लोरप्रोमाझीन या भ्रमावरच्या पहिल्या आधुनिक औषधाच्या बरोबरीने. मुळीला देश विचारायचा नसतो, आणि मुळीनेही त्रास होतो. रेसर्पीन पुढे त्याच कारणाने मागे पडलं.

आणि गोळीविना दिवस कसे होते, तेही आठवावं. मावशीला आधी देवऋषाकडे नेलं होतं. ‘चकवा आहे, बाहेरचं आहे’ म्हणून तीन अमावास्या गेल्या, अंगावर डागाचे व्रण राहिले. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याभोवती तर मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवणाऱ्या झोपड्याच होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका झोपडीला आग लागली. साखळ्या सुटल्या नाहीत. २८ माणसं जळून मेली. कुठल्याही रूपात साखळीने बांधायला बंदी करणारं स्पष्ट कलम २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आलं. मादाम एम् यांच्या वाट्याला साखळी नसेल, इस्पितळाच्या भिंती आल्या. सोझींचा लेख लिहिला गेला तेव्हा त्या आतच होत्या. त्याच पॅरिसमध्ये, सँत-आन इस्पितळात, ज्याँ डले आणि प्येर डेनिकर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन वापरायला सुरुवात केली. १९१८ पासून मोजलं तर ३४ वर्षं उशिरा. ‘रासायनिक बेड्या’ हा शब्द ज्यांना सहज सुचतो त्यांना लोखंडी बेड्यांचं वजन ठाऊक नसतं.

मागच्या रांगेतल्या बाई, तुमचं नाव मला माहीत नाही. सभा संपल्यावर मी तुम्हाला शोधलं, तुम्ही निघून गेला होता. हा अंक तुमच्या हाती पडला तर एवढंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. गोळ्या मनाला विचारून थांबवू नका. मुलगा जाड झालाय, दुपारभर झोपतो, ही तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची आहे: वजन लिहून न्या, साखर तपासून न्या, झोपेच्या वेळा लिहून न्या, आणि विचारा की मात्रा कमी होईल का, रात्री देता येईल का, दुसरं औषध आहे का. मुलाला बरोबर न्या, त्याच्यासमोर विचारा. डॉक्टर ऐकून घेत नसतील तर डॉक्टर बदला. काही अडलं तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.